स्कोडा, भावकी आणि आमचे दीड लाख

लातूरला सेकंडहॅण्ड गाडी बघायला गेलं की एजंट आधी पासिंग सांगतो, मग मालकाचा व्यवसाय आणि सगळ्यात शेवटी मॉडेल. "एमएच-२४ आहे, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी." डॉक्टरची म्हणजे जपून वापरलेली, असा आपल्याकडे समज आहे. (गुत्तेदाराची असली तर एजंट व्यवसाय सांगतच नाही :))

तर गेले तीन वीकेंड दोन गाड्यांच्या मागे गेले. एक लातूरची २००७ ची ऑक्टाव्हिया, दुसरी नांदेडच्या डॉक्टर लेनमधली २००८ ची लॉरा. दोन्ही स्कोडा, दोन्ही डिझेल, दोन्ही दीड लाखाच्या आसपास. आजीला दर पंधरा दिवसांनी लातूरहून नांदेडला तपासणीला न्यावं लागतं. अहमदपूर, माळाकोळी, लोहा असा रस्ता. माळाकोळीच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि मागच्या सीटवर ब्याऐंशी वर्षांची आजी असली तर काय, हा खरा प्रश्न. बाबांना मात्र तो प्रश्न पडलेलाच नाही. त्यांच्या मनात स्कोडा बसून वीस वर्षं झाली.

ती का बसली, हे बघायला जरा मागे जावं लागतं.

लक्झरीच्या एक पायरी खालची, 'साहेबी' म्हणावी अशी गाडी आपल्याकडे आधी कॉन्टेसा होती. १९८४ साली हिंदुस्थान मोटर्सने आणली, मूळ घाट १९७० च्या दशकातल्या व्हॉक्सहॉलचा. १९९५ ला देवूची सिएलो आली, पाठोपाठ ओपेल ॲस्ट्रा. आणि २००१ च्या अखेरीस औरंगाबादजवळ शेंद्र्याला (शहर आता छत्रपती संभाजीनगर) ऑक्टाव्हिया जुळायला लागली. 'जुळायला' हा शब्द मुद्दाम वापरला. तयार गाडी आयात केली तर शुल्क भरमसाट, सुट्या भागांचे खोके आणून इथे जोडले तर बरंच कमी. म्हणून चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लावमधून खोके यायचे आणि आपल्या मराठवाड्यात त्यांची मोटार व्हायची. किंमत दहा-बारा लाखांच्या घरात. त्या काळी त्या पैशात लातूरला बऱ्यापैकी घर होत असे.

गंमत बघा. ऑक्टाव्हियाचं ते पहिलं मॉडेल भारतात विकलं गेलं २००१ ते २०१०. त्याच काळात लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री (मधली सुशीलकुमार शिंद्यांची पावणेदोन वर्षं सोडून), २००८ पासून नांदेडचे अशोक चव्हाण, आणि २००४ ते २००८ दिल्लीत गृहमंत्री चाकूरचे शिवराज पाटील. त्यात २००८ ला गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते नवे झालेले. या दोन गावांना आपण कुणीतरी आहोत असं वाटण्याचीच ती दहा वर्षं होती, आणि तेव्हा दारात शोभणारी गाडी आपल्याच मराठवाड्यात बनत होती. या हौसेचं टोक २०१० च्या ऑक्टोबरात दिसलं. औरंगाबादकरांनी गट करून एका दिवसात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा, स्टेट बँकेचं सात टक्क्यांनी कर्ज. त्यानंतर स्कोडावाल्याला कोण विचारतो!

असो. मुद्दा हा की साहेबी गाडी घसरते ती आधी मानात, इंजिनात नंतर. छोट्या हॅचबॅकला वीस वर्षांनीही गिऱ्हाईक असतं, कारण तिचा मान कधी नव्हताच. म्हणून दहा-बारा लाखांची गाडी आज दीड लाखाला मिळते. पण तिचे पार्ट काही दीड लाखाच्या गाडीचे नसतात. ते दहा-बारा लाखांच्या गाडीचेच राहतात.

म्हणून अशी गाडी घेताना माझ्या मते पहिला प्रश्न वयाचा किंवा किलोमीटरचा नाही, भावकीचा आहे. गाडीला भाऊबंद किती आणि ते जिवंत आहेत का? सिएलोचं बघा. मूळची देवू मोटर २००० साली दिवाळखोरीत गेली, २००२ ला जनरल मोटर्सने तिचा मोठा हिस्सा घेतला तेव्हा भारतातला कारखाना त्यात धरलाच नाही, आणि इथले सिएलोवाले पोरके झाले. कॉन्टेसा २००२ ला बंद झाली, ओपेल २००६ ला भारतातून गेली. आमच्या धंद्यात बनवणाऱ्याने सोडून दिलेल्या लायब्ररीवर सिस्टीम चालवावी, तसं हे. चालते तोवर चालते.

ऑक्टाव्हिया इथे सुटते. १९९१ ला स्कोडा फोक्सवॅगनच्या घरात गेली. १९९६ ची ऑक्टाव्हिया ज्या सांगाड्यावर आहे, त्यावरच चौथी गोल्फ आणि पहिली ऑडी ए-३ बनली. तिचं १.९ लिटरचं टीडीआय इंजिन युरोपात अक्षरशः घरोघरी होतं. म्हणून फिल्टर, बेल्ट, बुश दुसऱ्या कंपन्यांचेही मिळतात. शिवाय २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर दिल्लीत डिझेल गाडीचं आयुष्य दहा वर्षांवर आलं. म्हणजे तिकडची धडधाकट गाडी भंगारात आणि तिचा दरवाजा आपल्या कामाला. दिल्लीकरांचं वाईट वाटतं, पण थोडंच.

आता ऑक्टाव्हिया की लॉरा? लॉरा नवी, मागे पाय ठेवायला जास्त जागा, इंजिन १०५ अश्वशक्तीचं (ऑक्टाव्हियाचं ९०). पण इंधन आत सोडायची पद्धत वेगळी. ऑक्टाव्हियात एकच रोटरी पंप, जुन्या फिटरच्या ओळखीचा. लॉरात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर-पंप आणि तो कॅमशाफ्ट दाबतो. त्या कॅमवर दाब प्रचंड, म्हणून ५०५.०१ या दर्जाचंच ऑइल लागतं. गावातल्या गॅरेजात चार-पाच वर्षं साधं ऑइल पडलं असेल, तर कॅम झिजलेला निघू शकतो, आणि ते वरून दिसत नाही. नांदेडच्या मालकाकडे शेवटच्या सहा वर्षांची एकही पावती नव्हती.

दुसरं म्हणजे रस्ता. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. लॉराची मागची चाकं स्वतंत्र, दांड्या अनेक, म्हणजे बुशही अनेक. ऑक्टाव्हियाला मागे एकच आडवा बीम. आराम थोडा कमी, पण झिजायला वस्तूच कमी. नांदेडची लॉरा स्पीडब्रेकरवरून नेली तर मागून पितळी भांड्यांचा आवाज आला.

लातूरच्या गाडीला लॅपटॉप जोडून बघितला. जुने दोन एरर, दोन्ही सेन्सरचे, किरकोळ. मीटर म्हणतो एक लाख अठ्ठेचाळीस हजार. क्लच पेडलचं रबर मात्र गुळगुळीत, स्टेअरिंगचं चामडं चकचकीत, म्हणून मी मनात दोन लाख धरलेत. त्यानं फार बिघडत नाही. बिघडतं ते टायमिंग बेल्टनं. तो चालताना तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अर्धं इंजिन खोलावं लागतं. कधी बदलला हे मालकाला आठवत नाही, म्हणजे बदलला नाही असंच समजायचं. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर, तोही सोबत.

कागदांचं गणित वेगळंच. पंधरा वर्षं २०२२ ला भरली, रिपासिंग पाच वर्षांचं, म्हणजे २०२७ पर्यंत. ही फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. वर पर्यावरण कर. दर महिन्याला वाटून बघितलं तर फार नाही, पण धरायला हवं.

बाबांना लॉरा आवडलीय. सनरूफ आहे म्हणे. आजीला दोन्ही गाड्यांत बसवून बघितलं. सीट दोन्हीत खालीच, ऑक्टाव्हियात गुडघे पुढच्या सीटला टेकतात. पुढची सीट थोडी सरकवली तेव्हा म्हणाली, "ही बरी हाय. आवाज करत न्हाई."

एजंट एक लाख तीसवर आलाय. चाळीस हजार मी बेल्ट, पंप, पुढचे बुश आणि टायरसाठी बाजूला ठेवलेत. रविवारी फिटरला घेऊन जाणार आहे. बेल्टचं कव्हर उघडून बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, हे बाबांना दोनदा सांगून ठेवलंय.