दोन सूर्योदयांचा प्रवास

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांना जोडणारा हवाई मार्गच तुटला. तो पुन्हा सांधावा म्हणून जुलै १९४३ पासून क्वांटास कंपनीची कॅटॅलिना जलविमाने पर्थच्या नदीपात्रातून उडून सिंहलद्वीपातील कोग्गला सरोवरावर उतरू लागली. अंतर सुमारे ५,६०० किलोमीटर. आजचे जेट विमान ते सातएक तासांत कापील. कॅटॅलिनाला २७ ते ३३ तास लागत. एकाच उड्डाणात उतारूंना दोनदा सूर्योदय दिसे! इंधनाचाच भार एवढा की उतारू अवघे तीन आणि टपाल ६९ किलो. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र बहुधा मुकेच ठेवीत. दिशा ठरवावयाची ती ताऱ्यांवरून. पाचही विमानांना नावे दिली होती तीही त्या ताऱ्यांचीच, आणि भारतीय आकाशाला ती मुळीच परकी नव्हेत : श्रवण, अभिजित, चित्रा, ज्येष्ठा आणि राजन्य. १९४५ च्या जुलैपर्यंत २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावले नाही. युद्ध संपल्यावर मात्र, अमेरिकेशी झालेल्या उसनवारीच्या करारातील अटींप्रमाणे, ही विमाने समुद्रात नेऊन बुडविण्यात आली.