धाप, हवापालट आणि इओसिनोफिल

छातीच्या दुखण्यावर एके काळी आपल्याकडे मोठं औषध होतं हवापालट. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि मुंबईकराला लोणावळा जवळ आलं. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथेच कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून बघायला घेतल्या. पुढे दम्यावरही तिथे काम झालं. मी मावळातला, त्यामुळे इथल्या हवेचं कौतुक मला आहेच! पण प्रत्येक धापेला हवा पुरत नाही.

1940 मध्ये मदनपल्लीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी क्षयासारख्या दिसणाऱ्या, पण क्षय नसलेल्या एका आजाराची नोंद केली. रक्तात इओसिनोफिल ह्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या. 1943 मध्ये वाइनगार्टेननी त्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ म्हटलं. रात्रीची ढास, दम्यासारखी घरघर. ते उपाय करत आर्सेनिकच्या इंजेक्शनांनी. मुळाशी हत्तीरोगाचे जंत आहेत, हे नंतर कळलं, आणि डायइथाइलकार्बामाझिन हे साधं औषध हाताशी आलं.

त्याचा अतितीव्र चुलतभाऊ मात्र वेगळा. अ‍ॅक्यूट इओसिनोफिलिक न्यूमोनिया हे चित्र स्पष्ट झालं थेट 1989 मध्ये. धडधाकट तरुण माणूस, दोन-चार दिवसांत ताप, खोकला, छातीत दुखणं, आणि बघता बघता व्हेंटिलेटर. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. गंमत म्हणजे (गंमत कसली!) सुरुवातीला रक्तातले इओसिनोफिल बऱ्याचदा नॉर्मलच असतात. म्हणजे रक्ताचा रिपोर्टच फसवतो. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन त्या पाण्यातल्या पेशी मोजल्या, तर त्यात 25 टक्क्यांहून जास्त इओसिनोफिल सापडतात.

2003-04 मध्ये इराक परिसरात तैनात अमेरिकी सैनिकांपैकी 18 जणांना हा आजार झाला, दोघे दगावले. अठराही जण सिगारेट ओढणारे, त्यातले 14 नुकतेच ओढायला लागलेले. इथे मला आपला पावसाळा आठवतो. भुशी डॅमवर भिजून आलेला पोरगा आठवड्याभरात धापा टाकायला लागला, तर घरचे म्हणणार, ‘भिजला, दुसरं काय?’ पहिली सिगारेट तिथेच ओढली, हे तो घरी थोडाच सांगणार? डॉक्टरांना तरी सांगायलाच हवं.

उपचार स्टेरॉइडचा. 1948 मध्ये हेंच यांनी मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिझोन संधिवाताला दिलं, 1950 मध्ये नोबेल मिळालं, ते घराणं हेच. श्वास फार अडला असेल तर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, मग गोळ्या, आणि दोन ते चार आठवड्यांत डोस उतरवत बंद. बरेच रुग्ण एक-दोन दिवसांतच सुधारायला लागतात, आणि सिगारेट कायमची सुटली तर आजार सहसा परत येत नाही.

म्हणून कुणी मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइड आणू नका हं. आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस जंत असतील तर स्टेरॉइडने ते अंगभर पसरून जिवावर बेततं. त्यामुळे जंतुसंसर्ग, क्षय आणि जंत ह्यांचा शोध डॉक्टर आधी घेतात, आणि रुग्ण फारच खालावलेला असेल तर उपचार आणि तपास एकाच वेळी चालतात.