काशीहून दिसणारी मुंबई

नोकरीनिमित्त काशीसारख्या दूरच्या नगरीत ज्यांचे वास्तव्य घडते, त्या मराठी माणसांस एक गोष्ट लवकरच कळून येते. येथील शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनातील मुंबई बहुतांशी हिंदी चित्रपटांनी घडविलेली असते, आणि त्यांतही गुंडांच्या टोळ्यांवरील चित्रपटांचा वाटा मोठा असतो. सबब हे चित्रपट आपल्या नगराविषयी कितपत खरी साक्ष देतात, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. तो इतिहासाचाही होतो. या दृष्टीने २०१५ सालच्या ‘बॉम्बे वेल्व्हेट’ या फसलेल्या चित्रपटाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्याचे दिग्दर्शक अनुराग कश्यप हे मूळचे या पूर्वांचलाचे. जन्म १९७२ साली गोरखपूरचा. वडील वीजखात्यात अभियंता असल्याने बालपणाचा काही काळ काशीच्या दक्षिणेकडील ओबरा येथे गेला. १९९३ साली ते मुंबईस आले, आणि पाचच वर्षांनी सौरभ शुक्ल यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘सत्या’ प्रकाशित झाला. दिग्दर्शक रामगोपाल वर्मा तेलुगू, लेखक उत्तरेकडील, भिकू म्हात्रे झालेले मनोज बाजपेयी बिहारचे. तरीही मराठी प्रेक्षकाने तो भिकू आपल्याच वस्तीतला म्हणून ओळखला. बायकोशी कडाकडा भांडणारा आणि घडीभरात विरघळणारा हा माणूस, ते पावसाने चिंबलेले रस्ते, गणेशविसर्जनाच्या गर्दीत होणारा तो खून, यांत बेगडी असे काही नव्हते. गुलशनकुमार यांची हत्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९९७ मध्ये झाली होती. खंडणीचे भय तेव्हा रोजच्या वृत्तपत्रांत होते, आणि लेखकांनी ते तेथूनच उचलले.

पुढे १९९३ च्या बाँबस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ आला. हुसेन झैदी यांच्या ग्रंथावर आधारलेला हा चित्रपट खटल्याचा निकाल लागेपर्यंत न्यायालयाने थोपवून धरला होता. तो २००७ साली लोकांपुढे आला. २०१२ साली ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ने कश्यप यांच्या कीर्तीचा कळस झाला. धनबादच्या कोळशावर पोसलेल्या टोळ्यांची ही पाच तासांहून लांब कथा दोन भागांत सांगितलेली आहे. तिचे बरेचसे चित्रीकरण याच पूर्वांचलात झाले, आणि कथेतला फैजल पिस्तुले आणावयास बनारसलाच येतो.

अशा दिग्दर्शकाने साठीच्या दशकातील मुंबईवर चित्रपट करावा, ही वार्ता आनंदाचीच होती. साधनांत काही उणे नव्हते. इतिहासकार ज्ञान प्रकाश यांच्या मुंबईविषयक ग्रंथाचा आधार होता आणि लेखनात ते स्वतःही सहभागी होते. श्रीलंकेत जुन्या मुंबईचे रस्ते उभारण्यात आले. संकलनास मार्टिन स्कोर्सेसी यांच्या सहकारी थेल्मा शूनमेकर होत्या. खर्च शंभर कोटींच्या वर गेला. १५ मे २०१५ रोजी चित्रपट लागला, आणि खर्चाच्या निम्मीही रक्कम परत आली नाही.

केवळ धंद्यातील अपयशावरून कलाकृतीची किंमत ठरत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु येथे दोष कथेच्या मुळाशीच होता. नायक बलराज चित्रपटगृहात ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ हा १९३९ सालचा अमेरिकन चित्रपट पाहतो आणि त्यातील गुंडासारखे ‘मोठे’ होण्याचे स्वप्न उराशी धरतो. आता त्या अमेरिकन गुंडाला जन्म दिला तो तेथील दारूबंदीने. मुंबईतही १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता. त्यानेच हातभट्ट्या पेटविल्या, धारावीपासून गोदीपर्यंत चोरट्या दारूचा व्यापार वाढविला आणि वरदराजन मुदलियारसारख्यांना वर आणले. सोन्यावरील निर्बंधांनी हाजी मस्तानसारख्या तस्करांचे फावले. म्हणजे अमेरिकन कथेचे खास मुंबईचे उत्तर हाताशी होते. चित्रपटाने मात्र त्या कथेचा पोशाख, तिची गाणारी नायिका आणि तिची मद्यशाळा उचलली. दारूबंदीचे ते अर्थकारण कथेचा कणा झाले नाही.

कथानकात समुद्र हटवून जमीन मिळविण्याचे कारस्थान आहे, आणि ते इतिहासास धरून आहे. १९२० च्या दशकात बॅकबे भरणीतील गैरकारभार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. पुढे भरणीतून निघालेल्या जमिनीच्या टोकाला त्यांचेच नाव मिळाले. इतका उपरोध ज्या भूमीच्या नावातच साठलेला आहे, तिच्यावर तितक्याच तोलाचे नाटक उभे राहावयास हवे होते. ते राहिले नाही.

दिग्दर्शकाने तो काळ पाहिला नव्हता, असे कोणी म्हणेल. पण वासेपूरचा चाळीसचा काळ तरी त्यांनी कोठे पाहिला होता? तेथे कथा सांगणारे झीशान काद्री त्या गावचे होते, घरोघरच्या आठवणी त्यांना ठाऊक होत्या. ‘बॉम्बे वेल्व्हेट’ला ग्रंथ मिळाला, नगर मिळाले, आठवण सांगणारा माणूस मिळाला नाही.

याचा पडताळा त्याच आठवड्यात आला. काशीवरील ‘मसान’ हा चित्रपट कान येथे दाखविला गेला आणि त्यास दोन पारितोषिके लाभली. त्याचे दिग्दर्शक नीरज घेवान हैदराबादेत वाढलेले मराठी गृहस्थ, ‘वासेपूर’च्या वेळचे कश्यप यांचे साहाय्यक. लेखक वरुण ग्रोव्हर यांचे शिक्षण काशीचेच. चिता रचणाऱ्या डोम तरुणाचे कष्ट त्यांनी घाटावर जाऊन पाहिले आणि मग लिहिले. दोन्ही चित्रपटांच्या निर्मितीत कश्यप यांच्या भागीदारीची फँटम ही संस्था होती. खर्चाच्या बाबतीत दोहोंची तुलनाच नको. साक्ष मात्र धाकट्याची खरी ठरली.

गिरणगावाच्या वाताहतीला जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने वाचा फोडली, आणि त्यावरून २०१० साली महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ केला. १९८२ च्या संपानंतर गिरणीकामगारांची मुले टोळ्यांकडे कशी वळली, ते त्यामुळे नोंदले गेले. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांची अशी नोंद विरळाच. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे वडील वा आजे त्या काळी मुंबईच्या दारूबंदी खात्यात, कस्टमात, गोदीत किंवा पोलिसांत नोकरीस असतील. छापा घालावयास कोण निघे, वाटेत कोण निरोप पोहोचवी, जप्त माल कोठे जाई, या गोष्टी त्यांनी घरी सांगितल्या असतील. त्या वेळीच लिहून काढाव्यात, अशी आमची विनंती आहे. मुंबईची पुढची कथा रचणाऱ्यास, मग तो कोणत्याही प्रांतीचा असो, याच टिपणांची गरज पडणार आहे.