साथीतली छातीदुखी

साथींच्या इतिहासात मेलेल्यांची मोजदाद असते. भीतीची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात सापडत नाही. आज त्या भीतीविषयी बोलायचं आहे.

माझी आजी एरंडोलकडची. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला ती ‘मानमोडी’ म्हणायची. जूनमध्ये मुंबईत दिसलेली ही साथ रेल्वेबरोबर देशभर गेली, आणि आपलं भुसावळ तर मोठं जंक्शन. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. त्या तापानं धडधाकट तरुण जास्त नेले. औषधच नव्हतं, त्यामुळे दवाखान्यात जावं की नाही हा प्रश्न आजीच्या पिढीला पडलाच नाही.

तो आम्हाला पडला. २०२० च्या कोरोनात म्हातारे आणि हृदयरोगी यांना धोका अधिक, हे रोज कानावर येत होतं. मी दोन्हींत बसत होतो. त्यातच रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरोना बळावतो, अशी शंका पसरली. गोळ्या बंद करू नका, असं हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मार्चमध्येच सांगितलं. पण आमच्या गल्लीत दोघांनी त्या सोडल्या होत्या.

मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास माझ्या छातीत कळ आली. सौभाग्यवती म्हणाली, ‘चला, निघू या.’ मी म्हणालो, ‘सकाळ होऊ दे.’ खरं सांगतो, मरणाची भीती नव्हती. एकट्यानं मरण्याची होती. आत गेलेल्याला घरच्यांचं तोंड दिसत नाही, हे ऐकलं होतं. सकाळी गेलो, वाचलो. पण रक्ताविना मेलेला हृदयाचा स्नायू परत येत नाही. आज एक जिना चढलो तरी धाप लागते.

असा मी एकटा नव्हतो. देशातल्या १८७ रुग्णालयांच्या पाहणीत, त्या मार्च ते जूनमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं दाखल होणारे आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेले दिसले. झटके एवढे थांबले असतील का? काहींना वाहन मिळालं नाही, आणि बरेच जण माझ्यासारखे सकाळची वाट पाहत बसले.

मी धुळ्याचा. मरणाचा विषय निघाला की इथला तुरुंग आठवतो. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा तिथं गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. आठव्या अध्यायावर बोलताना त्यांचा रोख असा, की शेवटच्या घडीची तयारी रोजच्या जगण्यात करायची असते. माझी तयारी साधी आहे. दाराजवळ पिशवी, तीत जुने कागद आणि गोळ्या. भिंतीवर १०८ हा आकडा. साथ असो वा नसो, छातीत कळ आली तर सकाळची वाट पाहायची नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)