शोधनिबंधाचे मोल : डॉ. भेंडे आणि ‘बॉम्बे’ रक्तगट

वैद्यकीय संशोधकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना आज प्रामुख्याने दोन गोष्टी पाहिल्या जातात : त्याने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि इतर संशोधकांनी त्या निबंधांचा किती वेळा संदर्भ घेतला. संदर्भांची अशी पद्धतशीर सूची अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली सुरू केली. पुढे २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ घेतला गेला आहे, त्याचा निर्देशांक किमान दहा. हे मोजमाप सोयीचे आहे. परंतु ते पुरेसे आहे का? महाराष्ट्रातील एका विकृतिशास्त्रज्ञाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

एक छोटा निबंध

डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना मुंबईत तीन व्यक्तींच्या रक्तात एक विलक्षण गोष्ट आढळली. त्यांच्या रक्तपेशींवर ‘ए’ वा ‘बी’ घटक नव्हता, म्हणून तो ‘ओ’ गट वाटावा. पण त्यांचे रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींनाही विरोध करीत होते. लंडनचे रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्या सहकार्याने हा निष्कर्ष १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंध जेमतेम दोन पानांचा होता.

निबंधाचा प्रभाव

१९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबात हाच प्रकार दाखविला. ‘ए’ आणि ‘बी’ हे घटक ‘एच’ नावाच्या मूळ घटकापासून तयार होतात आणि मुंबईच्या त्या व्यक्तींमध्ये मूळ घटकच नाही, हा उलगडा होण्यास या शोधाची मोठी मदत झाली. (हा ‘एच’ वेगळा, वर उल्लेखिलेल्या निर्देशांकाशी त्याचा संबंध नाही.) १९९४ साली त्यामागील जनुकीय दोषही स्पष्ट झाला. आज ‘बॉम्बे रक्तगट’ हा शब्द जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, आणि तेथे मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरज अनेकांना वाटत नाही. ज्ञान सर्वांचे झाले की शोधकर्त्याचे नाव मागे पडते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेची नोंद केली आहे. शोध जितका सर्वमान्य, तितके त्याचे संदर्भ कमी मोजले जाण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट. एखाद्याने एकच निबंध लिहिला आणि त्याचा हजारो वेळा संदर्भ घेतला गेला, तरी त्याचा एच-निर्देशांक एकच राहतो. डॉ. भेंडे यांनी डॉ. देवधरे यांच्यासह लिहिलेले विकृतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासले. विद्यार्थ्याने जे वाचून आत्मसात केले त्याची नोंद मात्र कोणत्याही सूचीत होत नाही.

आपल्यासाठी त्याचा अर्थ

भारतात हा गट साधारणतः दहा हजारांत एकाचा असतो. युरोपात दहा लाखांत एकाचा. अशा रुग्णास ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास ते त्याच्या शरीरात नष्ट होऊन प्राणावर बेतू शकते. त्याला केवळ ‘बॉम्बे’ गटाचेच रक्त चालते. म्हणून रक्तपेशींच्या तपासणीबरोबर रक्तद्रवाची उलट तपासणीही आवश्यक असते, आणि तीत ‘ओ’ पेशींचा समावेश हवा. कुटुंबात हा गट आढळल्यास सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करावी, कारण प्रत्येकात तो असण्याची शक्यता साधारणतः चारांत एक असते.

खडकीच्या छावणी परिसरात सैनिकी रुग्णालय आहे आणि दारूगोळ्याचा जुना कारखाना आहे. वेळेवर मिळालेल्या रक्ताचे मोल येथील कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. आपल्या धर्मग्रामात रक्तदान शिबिर भरेल तेव्हा आपला गट दोन्ही बाजूंनी तपासला गेला आहे का, एवढे विचारावे. गट दुर्मीळ निघाल्यास आपले नाव रक्तपेढीकडे नोंदवून ठेवावे.

योग्य रक्त मिळून वाचलेला रुग्ण आपल्या निबंधाचा संदर्भ देत नाही. तरीही दोन पानांच्या त्या निबंधाचे खरे मोल तोच जाणतो.