गढीच्या पोटातले नाशिक
गोदाकाठची जुनी मातीची गढी वरवर नुसती टेकडी भासते. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुग, सातवाहनकाळ आणि मराठाकाळ यांचे थर एकाखाली एक उलगडले. नाशिकचे प्राचीनत्व मातीनेच सिद्ध केले.

२०१० च्या कायदादुरुस्तीनुसार केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, तर पुढील २०० मीटरमध्ये ते परवानगीच्या अधीन आहे. पांडवलेण्यांना हे कवच लाभले आहे. मात्र ते घोषित स्मारकांपुरतेच. जमिनीखालच्या अज्ञात वस्तीला ते मिळत नाही.

म्हणूनच विकास आराखड्यापूर्वी पुरातत्त्वीय सर्वेक्षण आवश्यक ठरते. पायासाठी एकदा उपसलेले थर पुन्हा रचता येत नाहीत.