डबलसीट टूरिंगसाठी बाईक घेताय? आधी मागच्या सीटवर बसून बघा

गेल्या वर्षी गणपतीला मी आणि बायको परळहून देवगडला गावी बाईकवरून निघालो. बाईक माझी कॉलेजच्या दिवसांतली, दीडशे सीसीची. मी एकदम खुशीत होतो. चिपळूणला चहाला थांबलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तू ये मागून, मी एसटीने जाते." आणि खरंच स्टँडवर जाऊन गाडीत बसली. पुढचं निम्मं अंतर मी एकट्याने कापलं.

घरी परतल्यावर नवीन बाईक शोधायला लागलो. व्हिडिओ बघितले, एक्सेल शीट केली. पण सगळे रिव्ह्यू एकट्या रायडरचे. पॉवर किती, टॉप स्पीड किती, कॉर्नरिंग कसं. मागे बसणाऱ्या माणसाबद्दल "पिलियन सीट ठीक आहे" एवढं एकच वाक्य. म्हणून मग मी स्वतःच थोडा अभ्यास केला, तो इथे लिहितोय. माझी डिग्री कॉम्प्युटरची आहे, मेकॅनिकलची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आपण नक्की कुठल्या रस्त्यावर चालवणार?

हा प्रश्न मुंबईत राहणाऱ्याने सगळ्यात आधी विचारावा. परळहून बाहेर पडायचे चांगले रस्ते मोजा. शिवडीचा अटल सेतू हाकेच्या अंतरावर आहे, पण त्यावर टू-व्हीलरला बंदी. ईस्टर्न फ्री वेवर बंदी. कोस्टल रोड, सी लिंक, जे. जे. फ्लायओव्हर, सगळीकडे बंदी. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे बंद, समृद्धी महामार्गही बंद. म्हणजे आपल्या नशिबात डॉ. आंबेडकर रोड, सायन, वाशीचा पूल, पनवेल, आणि तिथून जुना पुणे हायवे नाहीतर गोवा हायवे.

(मॅप्समध्ये टू-व्हीलर मोड लावायला विसरू नका. भारतात तो २०१७ पासून आहे. कारचा मोड राहिला तर अ‍ॅप तुम्हाला सरळ अटल सेतूच्या तोंडाशी नेऊन उभं करेल.)

दुसरी गोष्ट वेगाची. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी हायवेवर मोटरसायकलची कमाल मर्यादा ताशी ८० किमी आहे, आणि साध्या रस्त्यावर ६०. ताशी ८० साठी ४० हॉर्सपॉवर लागत नाही. वीसच्या आसपास पॉवर असलेली साडेतीनशे सीसीची बाईक दोन माणसं आणि बॅगा घेऊन हा वेग आरामात धरते. घाटात ओव्हरटेक करताना मोठ्या इंजिनाचा फायदा नक्की होतो, ते मी नाकारत नाही. पण त्या फायद्याची किंमत काय, ते आता बघू.

३५० ची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर आधी २८ टक्के होता तो १८ टक्के झाला. त्याच्या वरच्या बाईकवर आधी सेस धरून ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला.

समजा टॅक्स लागण्याआधी दोन्ही बाईकची किंमत २ लाख आहे. ३५० च्या आतली २,३६,००० ला पडेल, वरची २,८०,००० ला. इंजिन, सीट, लोखंड सगळं सारखं धरलं तरी ४४,००० चा फरक. महाराष्ट्रात ३०० सीसी आणि त्यापुढच्या पेट्रोल बाईकला रोड टॅक्स साधारण १२ टक्के, तोही या वाढलेल्या किमतीवर. म्हणजे अजून पाच हजार गेले.

इन्शुरन्समध्येही हीच रेघ आहे. नवीन बाईकला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो. २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये आहे, जीएसटी वेगळा. सरळ दुप्पट. ३४९ आणि ३४८ सीसीची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्यांचं त्यामुळे फावलंच आहे.

हप्त्यावर घेणार असाल तर आणखी एक हिशोब. प्रत्येक जादा लाखाला, १० टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी, महिन्याला सुमारे ३,२२७ रुपये जातात. पेट्रोलचा फरक मात्र वाटतो तेवढा नाही. आमच्या गावापर्यंत साडेचारशे किमी धरा. एक बाईक लिटरला ३५ देते आणि दुसरी २८, तर एका बाजूच्या प्रवासात फरक तीन-सव्वातीन लिटरचा. वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याने मायलेजवरून डोकं फोडून घेऊ नये. खरा पैसा खरेदीच्या दिवशीच जातो.

मागे बसलेल्याला त्रास का होतो?

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरला असाल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. मधल्या सीटवरच्या माणसाला खड्डा कळतही नाही आणि मागचा उडून छताला लागतो. बाईकवर रायडर दोन चाकांच्या मध्ये बसतो. पिलियन जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. मागच्या चाकाचा प्रत्येक दणका आधी तिला. शिवाय रायडरला खड्डा दिसतो, तो हँडल घट्ट धरतो, फूटरेस्टवर वजन देतो. तिला समोर फक्त माझं हेल्मेट दिसतं.

आपल्या शरीराचंही एक गणित आहे. बसलेल्या माणसाला वर-खाली होणारे धक्के सेकंदाला ४ ते ८ वेळा या पट्ट्यात सगळ्यात जास्त जाणवतात. खराब रस्ता आणि अपुरं सस्पेन्शन मिळून नेमके असेच धक्के तयार करतात. इंजिनचं व्हायब्रेशन वेगळं. ४,५०० आरपीएमला सिंगल सिलेंडर इंजिन सेकंदाला ७५ वेळा थरथरतं, त्याने तळपाय आणि हात बधिर होतात, पण कंबर मोडते ती खड्ड्याने. आजकालच्या साडेतीनशेच्या इंजिनांत, म्हणजे रॉयल एनफिल्ड मीटिअर किंवा होंडा हायनेसमध्ये, बॅलन्सर शाफ्ट असतो, त्यामुळे जुन्या बुलेटसारखी थरथर राहिलेली नाही.

आता प्रीलोड. बहुतेक बाईकच्या मागच्या शॉकला घट्ट-सैल करायच्या पायऱ्या असतात, आणि बहुतेक लोक आयुष्यात त्याला हात लावत नाहीत. कारखान्यातून बाईक साधारण एका माणसाच्या हिशोबाने येते. मागे दुसरा माणूस आणि बॅग आली की स्प्रिंग आधीच खूप दबते. खड्डा आल्यावर दबायला जागाच उरत नाही आणि शॉक ठक्कन तळाला आपटतो. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त बाईकची मागची बाजू परत वर उचलली जाते आणि दबायला जागा मिळते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात असेल तर समजा, प्रीलोड कमी आहे. मागच्या टायरचं प्रेशरही डबलसीटला वेगळं असतं, आकडा बाईकवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये सापडेल. हे सगळं फुकटात होतं. माझ्या जुन्या बाईकवर मी हे चिपळूणच्या आधी केलं असतं तर... असो.

फोनने मोजता येतं

हा भाग मला सगळ्यात आवडला. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरचं रीडिंग सरळ ग्राफमध्ये दाखवतं. त्यात गुरुत्वाकर्षण वगळून अ‍ॅक्सेलरेशन दाखवणारा प्रयोग निवडा. फोन पिलियनच्या कमरेला पाउचमध्ये घट्ट बांधा. खिशात सैल ठेवला तर तो खिशातल्या उड्याच मोजेल. मग एकच गल्ली, एकच वेग, प्रत्येक बाईकवर दोनदा. मी आमच्या मागच्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत जुन्या बाईकवर आधी प्रीलोड कमी आणि मग जास्त ठेवून करून पाहिलं. ग्राफमधली उंच टोकं डोळ्यांना दिसतील इतकी कमी झाली.

एक मर्यादा लक्षात ठेवा. अँड्रॉइड १२ पासून साध्या अ‍ॅपला सेकंदाला जास्तीत जास्त २०० रीडिंग मिळतात, आयफोनवर साधारण १००. सेकंदाला जितकी रीडिंग, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच थरथर नीट पकडता येते. खड्ड्याचे धक्के दोन्ही फोन पकडतील, पण ७५ वाली इंजिनची थरथर आयफोनवर चुकीच्या जागी दिसेल. तिथे बायकोच्या तळपायांवर विश्वास ठेवा.

आणि हो, फोन हँडलला लावून नेव्हिगेशन वापरणाऱ्यांसाठी: मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलच्या व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय. निदान रबर डॅम्पर असलेला माउंट घ्या.

आम्ही काय काय बघितलं

मला हवी होती हिमालयन ४५०. ४५२ सीसी, ४० पीएस, पुढे-मागे २०० मिमी सस्पेन्शन. खराब पॅचवर ही बाकी सगळ्यांपेक्षा उजवी आहे, यात वाद नाही. पण किंमत एक्स-शोरूमच ३ लाखांच्या पुढे, आणि सीट ८२५ मिमी उंच. बॅग लावल्यावर मागे चढताना बायकोला माझ्या खांद्याचा आधार घेऊन अक्षरशः लंगडी घालावी लागली. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स २४९ सीसीची, वजन १६७ किलो, किंमत २ लाखांच्या आसपास. एकट्याला फिरायला मी डोळे झाकून घेतली असती. सीट मात्र ८३५, म्हणजे अजून उंच. सुपर मीटिअर ६५० वर ती खूश होती, पण २४१ किलोचं धूड आमच्या चाळीच्या बोळातून रोज मागे ढकलत काढायचं म्हणजे व्यायामशाळेची फी वाचली. किंमतही ४ लाखांच्या आसपास.

राहिली मीटिअर ३५०. ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, १९१ किलो, सीट ७६५ मिमी, १५ लिटरची टाकी. वरच्या व्हेरिएंटला बॅकरेस्ट मिळते, आणि डबलसीटच्या लांब प्रवासात बॅकरेस्टसारखी दुसरी चीज नाही. पिलियनला सतत पोटाचे स्नायू आवळून तोल धरावा लागत नाही, आणि प्रत्येक ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट आपटत नाही. उणी बाजू पण सांगतो. क्रूझरमध्ये रायडरचे पाय पुढे असतात, त्यामुळे खड्ड्यावर फूटरेस्टवर उभं राहून दणका चुकवता येत नाही. मागचे दोन शॉक हिमालयनएवढे लांब खेळत नाहीत. खराब पॅचवर वेग कमी करावाच लागतो.

शोरूममध्ये एक गोष्ट हट्टाने करा. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं, टेस्ट राइड फक्त एकट्याने. आम्ही तिथून निघालो. दुसऱ्या ठिकाणी निदान बाईक स्टँडवर लावून दोघांना वीस मिनिटं बसू दिलं. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच सीट मऊ वाटतात. पंधराव्या मिनिटाला कळतं गुडघा किती दुमडतोय, मांडीला कड कुठे टोचतेय, हात कुठे धरायचा. मागे धरायला हँडल, फूटरेस्ट आणि चाकाला साडी गार्ड हे तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. बाईक कूल दिसावी म्हणून काढून टाकायच्या वस्तू नाहीत त्या. हेल्मेटही दोघांना, आणि तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटच्या किमतीचं.

शेवटी बॅकरेस्टवाली मीटिअर बुक केली. हिमालयनच्या तुलनेत जे लाखभर वाचले, त्यातून तिच्यासाठी चांगलं रायडिंग जॅकेट घेतलं, आणि सीटचा फोम गरज पडली तर परळमधल्याच एका सीटवाल्याकडून बदलून घेणार आहोत. काही हजारांचं काम आहे. पण आधी हजार-दीड हजार किमी फिरून बघणार, कारण नवीन फोम थोडा बसतो.

तिच्या अटी दोन. दर दीड तासाला थांबायचं, माझी लय लागलेली असली तरी. आणि येत्या गणपतीला दादरहून तुतारी एक्सप्रेसचं एक तिकीट काढून ठेवायचं. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख तिने फोनमध्ये अलार्म लावून ठेवली आहे.